केसपेपरवरचं ग्रीक: कातडी, केस आणि नखांच्या आजारांची नावं फोडायची कशी

मे महिन्यातली दुपार. अमळनेरला पारा 44 च्या पुढे, रस्ता ओस, आणि मी मेडिकलच्या काउंटरमागे पंख्याखाली बसलेलो. जवळच्या खेड्यातले एक आबा आत आले. पिशवीतून घडी घातलेला केसपेपर काढला आणि औषध मागायच्या आधी प्रश्न टाकला, "भाऊ, हाई काय लिखेल शे? मोठा आजार शे का?"

कागदावर लिहिलेलं होतं, टिनिया कॉर्पोरिस एट क्रुरिस. मी म्हणालो, "आबा, अंगावर आणि जांघेत नायटा."

आबा कागदाकडं बघत राहिले. "नायटाच? मंग एवढं नाव कसाले?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतंच, म्हणून अर्धा तास आम्ही तो कागद फोडत बसलो. तेच इथं जरा ऐसपैस लिहितो.

टिनिया हा लॅटिन शब्द. लोकरीच्या कपड्याला जी कसर लागते ना, ती. कपड्याला गोल गोल खात जाणारा किडा आणि कातडीवर गोल गोल पसरणारा चट्टा यांचं साम्य कुणाच्या तरी डोळ्यात भरलं आणि नाव पडलं. पुढचा शब्द नुसता पत्ता आहे. कॉर्पोरिस म्हणजे अंगाचा, कॅपिटिस डोक्याचा, पेडिस पायाचा, मॅन्युअम हातांचा, बार्बी दाढीचा, अंग्वियम नखांचा. क्रुरिसचा मूळ अर्थ पायाचा, पण वापरात तो जांघेपुरता उरला. एट म्हणजे 'आणि'. आजार एकच, गल्ल्या वेगळ्या. आणि यात किडा कुठंच नाही. आहे ती बुरशी. ती मधून कडेकडे सरकते, मागची जागा थोडी निवळते, म्हणून कड लाल आणि मध्ये मोकळं असं कडं दिसतं. आपल्याकडं त्यालाच गजकर्ण म्हणणाऱ्यांना त्यात हत्तीचा कान दिसला.

आता कातडी. तिला ग्रीकमध्ये डर्मा, लॅटिनमध्ये क्युटिस. डॉक्टरी भाषेनं दोन्ही घराण्यांशी सोयरीक केली, म्हणून एकाच गोष्टीला दोन-दोन नावं भेटतात. एपि म्हणजे वर, म्हणून वरचा थर एपिडर्मिस. त्याखाली डर्मिस, आणि त्याच्याही खाली चरबीचा थर, त्याला ग्रीक वळणानं हायपोडर्मिस म्हणा नाहीतर लॅटिन वळणानं सबक्युटिस. इन्शुलिनच्या चिठ्ठीवर सबक्युटेनियस लिहिलेलं असतं ते याच चरबीसाठी. बीसीजीची लस मात्र इंट्राडर्मल, म्हणजे कातडीच्या आतल्या आत. एपिडर्मिसमध्ये रक्तवाहिन्या नसतात. खरचटलं पण रक्त आलं नाही, तर समजावं की वरचाच मजला खरवडला गेला.

शब्दाच्या शेपटीलाही अर्थ असतो. आयटिस दिसलं की दाह. डर्मटायटिस म्हणजे कातडीचा दाह, बस. कशामुळं, हे त्या शब्दात नाही. ते पुढच्या-मागच्या शब्दात शोधायचं. कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणजे काहीतरी लागल्यानं झालेला. आपल्याकडं त्याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. बांधावरचं गाजरगवत उपटणाऱ्याच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या खोबणीत जे खाजरं लाल कातडं होतं ते हेच. सातपुड्यातून येणारा बिब्बा तर याचा जुना गुरू. काटा मोडला, टाच फुटली की बिब्ब्याचं तेल लावायची सवय अजून गेलेली नाही, आणि मग तो उतला की फोड घेऊन माणूस आमच्याकडं येतो. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, म्हणून आंब्याचा चीक लागून ओठाशेजारी उतलेली पोरं याच दिवसांत दिसतात.

खरी गंमत पुढं आहे. या भारदस्त नावांतली निम्मी नावं चक्क स्वयंपाकघरातून, शेतातून आणि रानातून उचललेली आहेत. घामोळ्यांना डॉक्टर मिलिआरिया म्हणतात. मिलियम म्हणजे बाजरीसारखं बारीक धान्य. घामाच्या नळीचं तोंड बुजलं, घाम आतच अडकला की पाठीवर बाजरी पेरल्यासारखे दाणे उठतात. खानदेशात मे महिना काढलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. पिटिरायसिसमधला पिटिरॉन म्हणजे धान्याचा कोंडा. डोक्यातल्या कोंड्याला ग्रीकांनीही कोंडाच म्हटलं आणि आपणही. दोघांनी एकमेकांना विचारलेलं नसावं, पण चाळणीखाली पडणारा भुसा दोन्हीकडं सारखाच.

नागीण घ्या. तिचं कागदावरचं नाव हर्पिस झोस्टर. हर्पिस ज्या ग्रीक क्रियापदातून आलं त्याचा अर्थ सरपटणं, आणि ते आपल्या संस्कृत 'सर्पति'चं सख्खं भावंड आहे. म्हणजे त्यांनाही सापच दिसला. झोस्टर म्हणजे कंबरपट्टा. आपला करदोडा समजा, फक्त अर्धा, कारण नागीण सहसा शरीराच्या एकाच बाजूला उठते. कांजण्यांचा विषाणू बरा झाल्यावरही मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो, पुढं कधीतरी जागा होतो आणि त्या एका तंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. तंतू पाठीच्या कण्यापासून एका बाजूला पुढं येतो, म्हणून फोडांची माळही मध्यरेषेपाशी थांबते. नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो, ही भीती गावोगाव आहे. ती खोटी आहे. खरी घाई दुसऱ्या कारणानं करायची असते: विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर उपयोग जास्त. या तीन दिवसांत लोक मंत्र घालून घेतात आणि गेरू लावतात, आणि नंतर महिनोन्महिने राहणारी आग सोसतात. हर्पिस डोळ्याजवळ किंवा कपाळावर उठली तर तीन दिवसही वाट बघू नये.

केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशी आलेलं गळू. केसाचं मूळ ज्या पिशवीत असतं तिला फॉलिकल म्हणतात, अर्थ छोटी पिशवी. तिचा दाह तो फॉलिक्युलायटिस. बऱ्याच पिशव्या मिळून मोठं, अनेक तोंडांचं गळू झालं की कार्बंकल, म्हणजे छोटा निखारा. आपण त्याला काळपुळी म्हणतो. पाठीवर, मानेवर काळपुळी आली की डॉक्टर आधी साखर तपासायला सांगतात ते उगाच नाही.

एक्झिमाचा, म्हणजे आपल्या इसबाचा, ग्रीक अर्थ उकळून वर आलेलं, उतू गेलेलं. खरूज ही स्कॅबीज, आणि स्कॅबीजचा अर्थ खाजवणं. आपला शब्दही संस्कृत खर्जू, म्हणजे खाज, यावरूनच आला. अंगावर गांधी उठणं म्हणजे अर्टिकेरिया, एका आग्या झुडपाचं, अर्टिकाचं, नाव. आणि 'व्हल्गॅरिस' पाहून घाबरू नका. ॲक्ने व्हल्गॅरिस म्हणजे असभ्य मुरूम नव्हे, नेहमीचे, सर्वसाधारण मुरूम.

तर मग अडचण कुठं आहे? माझ्या मते अडचण ग्रीक शब्दांत कमी आणि आपल्या शब्दांच्या घोळात जास्त आहे. माणूस काउंटरवर येतो आणि म्हणतो, "खाजेचं मलम द्या." नायटा, इसब, खरूज तिन्ही खाजतात. पण नायटा बुरशीचा, खरूज कातडीत बीळ करणाऱ्या बारीक किड्याची आणि इसब म्हणजे कातडीचाच दाह. इसबावर जे मलम गुण देतं तेच नायट्याला खतपाणी घालतं.

आबांचंही हेच झालेलं. दोन महिन्यांपूर्वी कुठून तरी एक ट्यूब आणली. चार दिवसांत लाली गेली, खाज गेली, आबा खूश. ट्यूब संपली, आठवड्यानं दुप्पट उठलं. पुन्हा ट्यूब. असं तीनदा. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड दाह दाबतं, म्हणजे शरीर बुरशीशी जे भांडण करत होतं तेच थांबवतं; बुरशी मात्र निवांत पसरते. कडं पुसट होतं, चट्ट्याचा आकार बदलतो, ओळखू येईनासा होतो. डॉक्टरांनी या सोंगालाही नाव दिलंय, टिनिया इन्कॉग्निटो. इन्कॉग्निटो म्हणजे वेष पालटून फिरणारा. जांघेत असं मलम महिनोन्महिने चोळलं तर कातडी पातळ होते आणि कायमचे वळ उमटतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं 14 स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बंद. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून राग आला तर येऊ द्या. सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा ट्यूबा काढून दिलेल्या आहेत.

ट्यूबवरचं नाव वाचायची एक युक्ती सांगतो. शेवटचं अक्षर नीट बघा. क्लोट्रिमाझोल, लुलिकोनाझोल, इट्राकोनाझोल, हे 'झोल'वाले बुरशीवरचे. क्लोबेटासोलमध्ये 'सोल' आहे, बीटामेथासोन आणि मोमेटासोनमध्ये 'सोन', हे स्टेरॉइड. एका 'झ' आणि 'स'चा फरक. ॲसिडिटीचं ओमेप्राझोलही झोलच आहे म्हणा, पण ते कुणी अंगाला चोळत नाही. आणि एकाच ट्यूबमध्ये झोल, सोन आणि वर एखादं जिवाणूवरचं औषध अशी खिचडी असेल, तर ती आपल्या मनानं लावायची नाही.

शंका असली की डॉक्टर चट्ट्याची कड खरवडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. चिठ्ठीवर केओएच लिहिलेलं असतं ते हे. कातडीचा भुसा विरघळतो, बुरशीचे धागे उरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. स्वस्तातली तपासणी आहे, पण सांगणारे कमी आणि करून घेणारे त्याहून कमी. अलीकडं तर बुरशीही चिवट झाली आहे. 2020 मध्ये तिच्या एका जातीला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव मिळालं. नावात भारत आहे, आणि टर्बिनाफिनच्या नेहमीच्या गोळ्यांना या जातीचा नायटा पुष्कळदा दाद देत नाही.

दुसरा घोळ याहून जिव्हारी लागणारा. कोड. मराठीत आपण कोड म्हणतो ते दुधासारखे पांढरे डाग, डॉक्टरांचा व्हिटिलिगो किंवा ल्यूकोडर्मा. ल्यूको म्हणजे पांढरं. पण शब्दाचं मूळ कुष्ठ, कुष्ठाचं कोढ, कोढाचं कोड. रावेरच्या पुढं बुऱ्हाणपूरला गेलात की हिंदीत कोढ म्हणजे थेट महारोग. पाहुण्यांशी बोलताना हा शब्द जपून वापरावा. त्यातून चरकसंहितेत कुष्ठाचे 18 प्रकार सांगितलेत, त्यात दाद, म्हणजे नायटा आहे, खाजेचे प्रकार आहेत. म्हणजे तेव्हा कुष्ठ हा शब्द कातडीच्या सगळ्या आजारांची मोठी गोणी होती. ग्रीकांचा 'लेप्रा'ही तसाच, मूळ अर्थ खवलेदार. दोन्हीकडं गोणीचं नाव शेवटी एका आजाराच्या गळ्यात पडलं.

फरक कसा करायचा? कोडात रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, बाकी कातडी शाबूत. डागावर कापूस फिरवला तर कळतो. कोड लागण होऊन पसरत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, दुधासारखा पांढराशुभ्र नसतो, आणि त्यावर स्पर्श, गरम-थंड कमी कळतं, कारण त्याचा जिवाणू मज्जातंतूंवर बसतो. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सननं तो शोधला, म्हणून कागदावर बऱ्याचदा हॅन्सन्स डिसीज लिहितात. सोबत पीबी किंवा एमबी दिसेल. पीबी म्हणजे पॉसीबॅसिलरी, जिवाणू थोडे. एमबी म्हणजे मल्टिबॅसिलरी, जिवाणू पुष्कळ. औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात त्वचेच्या ओपीडीबाहेर 'त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग' अशी पाटी असते, तिला बिचकून परत फिरणारे मी पाहिलेत. त्या तिन्ही विषयांची पदवीच एक आहे, म्हणून पाटी एक. आत मुरूम दाखवायला गेलात तरी दार तेच.

तिसरा घोळ विनोदी. गांधी उठल्या की आपण म्हणतो "पित्त उठलं", आणि लोक ॲसिडिटीची गोळी मागतात. पोटातलं आम्ल आणि अंगावरच्या गांधी यांचा नावापुरता संबंध. आमसुलाच्या पाण्यानं थंड वाटतं, ते खुशाल लावा. पण ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, तर दुकानात येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

कागदावर आजाराच्या नावाआधी डॉक्टर दिसतं ते लिहून ठेवतात, तेही वाचता येतं. मॅक्यूल म्हणजे नुसता डाग: डोळे मिटून बोट फिरवलं तर कळणार नाही. पॅप्यूल कळेल, ती पुळी. पाणी भरलं तर व्हेसिकल, पू भरला तर पश्च्यूल, मोठा फोड म्हणजे बुला. चट्टा प्लाक, गांध व्हील, खपली क्रस्ट. भेगेला फिशर म्हणतात, आणि कपाशी वेचून बोटं फाटलेल्या एका काकूंनी तो शब्द वाचून "मला मूळव्याध कुठाय?" म्हणून दुकानात दंगा केला होता. फिशर म्हणजे नुसती चीर, कुठलीही.

केसांचं थोडक्यात. केसाला ग्रीकमध्ये थ्रिक्स, जोडशब्दात ट्रायको, लॅटिनमध्ये पायलस. मघाच्या ट्रायकोफायटनचा अर्थ केसावरचं रोप, कारण तेव्हा बुरशीला वनस्पती समजत. चाई पडते तिला ॲलोपेशिया एरिआटा म्हणतात आणि ॲलोपेक्स म्हणजे कोल्हा. खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस पुंजक्यानं झडतात त्यावरून. चाईत केस किडा खात नाही, शरीराची संरक्षण व्यवस्थाच मुळांवर उलटते. बाळंतीण किंवा टायफॉइडमधून उठलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी "मूठ-मूठ केस जातात" म्हणून येतो, त्याच्या कागदावर टेलोजेन एफ्लुव्हियम असतं. टेलोजेन म्हणजे केसाचा शेवटचा, विश्रांतीचा टप्पा. एफ्लुव्हियम म्हणजे वाहून जाणं. तापानं पुष्कळ केस एकदम विश्रांतीला गेले आणि एकदम गळले. मुळं जिवंत असतात, केस बहुतेक परत येतात. डोक्यावर साधारण एक लाख केस. रोज 50 ते 100 जाणं हे घरखर्चातच धरलेलं आहे.

नखांकडं लोक फार कमी बघतात, डॉक्टर मात्र हात हातात घेतला की आधी नखं बघतात. ग्रीक ओनिक्स, लॅटिन अंग्विस आणि आपलं नख, तिन्ही एकाच प्राचीन शब्दाची नातवंडं. ओनिकोमायकोसिस: नखाची बुरशी. पॅरोनिकिया: पॅरा म्हणजे शेजारी, नखाशेजारचं दुखणं, आपलं नखुरडं, सतत पाण्यात हात असलेल्यांना ते वर्षभर छळतं. कॉइलोनिकिया: खोलगट नख, इतकं की पाण्याचा थेंब त्यात बसावा, रक्तात लोह कमी असल्याची ती एक खूण. नखावरचे पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेचे नसतात, बहुतेक कधीतरी बसलेल्या बारीक ठोक्याचे असतात. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. मोठ्या आजारात ती वाढ थबकते आणि नखावर आडवी चर उमटते, बोज लाइन. चर मुळापासून सहा मिलिमीटरवर असेल तर आजार दोन महिन्यांपूर्वीचा, असा हिशेब डॉक्टर मांडतात. नख, केस आणि कातडीचा वरचा थर, तिन्ही केराटिन या प्रथिनाचे. केरास म्हणजे शिंग. पोळ्याला आपण बैलाच्या ज्या शिंगाला रंग देतो, त्याचं कवचही त्याच मालाचं. म्हणून केराटोसिस वाचलं की समजायचं, कातडी शिंगासारखी टणक झाली.

आबांचा नायटा महिना-दीड महिन्यानं आटोक्यात आला. शेवटच्या गोळ्या न्यायला आले तेव्हा नातू बरोबर, गालावर दोन फिकट, कोरडे डाग, आणि हातात नवा कागद. घरच्यांना कोड वाटलेलं, शेजारच्यांना जंत. कागदावर होतं, पिटिरायसिस आल्बा. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, "आता तुम्हीच फोडा."

आबांनी डोकं खाजवलं. "पिटिरा... म्हणजे कोंडा ना?"

"बरोबर. आणि आल्बा म्हणजे पांढरा."

आबा हसले. "मंग कोंडा काय काया ऱ्हास का?" (कोंडा काय काळा असतो का?) आणि नातवाच्या गालाला लावायला साधं क्रीम घेऊन गेले.